आधी बदाम, मग चौकट

ब्रिजबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण त्यात झालेली चूक मी स्वतः कित्येक वर्षं करत होते आणि ती चूक आहे हेच मला कळत नव्हतं. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की ट्रिकला, म्हणजे चौघांच्या एकेका पानाच्या फेरीला, मी ‘हात’ म्हणते आणि लीडला, म्हणजे फेरीत पहिलं पान खेळण्याला, ‘उतारी’. सांगलीत आमच्या गावभागातल्या वाड्यात लॅडीस खेळताना हेच शब्द होते आणि ब्रिजलाही ते चांगले लागू पडतात.

प्रश्न : मॅडम, मी चाळीस वर्षं बुद्धिबळ खेळलो. ब्रिजकडे वळलो ते निवृत्तीनंतर. परवा तीन नो ट्रंपचा, म्हणजे हुकूम नसताना नऊ हात करायच्या बोलीचा, डिक्लेरर (डाव खेळणारा) होतो.

माझी पानं : इस्पिक एक्का ६ ३, बदाम राजा ५ २, चौकट एक्का राणी ६ ४, किलवर राणी ९ ३.

डमी, म्हणजे टेबलावर उघडी मांडलेली जोडीदाराची पानं : इस्पिक ८ ७ ४, बदाम एक्का राणी ६ ३, चौकट ७ ५ २, किलवर एक्का राजा ४.

पश्चिमेने इस्पिकच्या राजाने उतारी केली. मी दोन हात सोडले आणि तिसरा एक्क्याने घेतला. त्या फेरीत पूर्वेने किलवर टाकलं, म्हणजे इस्पिक पाच-दोन. माझे खात्रीचे हात आठ. नववा दोन ठिकाणी मिळण्यासारखा होता : बाहेरचे सहा बदाम विरोधकांत तीन-तीन फुटले तर डमीतलं चौथं बदाम, किंवा चौकटच्या राणीची फिनेस, म्हणजे राजा पूर्वेकडे आहे असं धरून डमीतून चौकट खेळायची आणि राणी लावायची. तीन-तीनची शक्यता ३६ टक्के आणि फिनेसची ५०, हे तुमच्याच सदरात वाचलेलं. मी मोठा आकडा धरला. किलवरने डमीत गेलो, चौकट खेळलो, राणी लावली. पश्चिमेने ती राजाने घेतली, उरलेले दोन इस्पिक वाजवले आणि मी एका हाताने बुडालो. नंतर पानं उघडून पाहिली तर बदाम तीन-तीन! हिशेब बरोबर करूनही बुडायचं असेल तर त्या हिशेबाचा उपयोग काय? बुद्धिबळात असं होत नाही.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : इस्पिकचे दोन हात तुम्ही सोडलेत, ते अगदी योग्य केलंत. पूर्वेचे इस्पिक तिथेच संपले आणि यापुढे फक्त पश्चिमेच्या हाती डाव गेला तरच धोका, एवढं चित्र स्वच्छ झालं. तुमचे दोन्ही आकडेही बरोबर आहेत. मग तुम्ही त्या दोन आकड्यांतला एक निवडलात, आणि डाव तिथे गेला. निवडायची वेळ तुमच्यावर आलेलीच नव्हती.

टक्के बाजूला ठेवा आणि दोन्ही वाटा फसल्या तर काय होतं ते बघा. चौकटची फिनेस फसली की पश्चिम आत येतो, इस्पिक वाजवतो आणि खेळ खलास. बदाम तीन-तीन नाही फुटले तर काय बिघडतं? काहीच नाही. एक्का, राजा, राणी हे तीन हात तुमचेच होते, ते तुम्ही घेतलेत. चौथ्या बदामाचा हात पडला नाही एवढंच, आणि फिनेस अजून शिल्लक आहे. म्हणजे एक प्रयत्न फसल्यावरही दुसरा करता येतो, आणि दुसरा फसला की काहीच करता येत नाही. अशा वेळी कुठला मोठा हे विचारायचं नसतं, कुठला आधी हे विचारायचं.

शंभर वेळा हा डाव वाटला असं धरा. बदाम आधी खेळलात तर साधारण ३६ वेळा ते तीन-तीन फुटतील आणि चौकटला हात न लावता नऊ हात होतील. उरलेल्या ६४ वेळा फिनेस घ्या. त्यातल्या निम्म्या, म्हणजे ३२ वेळा ती लागेल. ३६ आणि ३२ मिळून ६८. तुम्ही ५० वर समाधान मानलंत. पस्तीस-छत्तीसचा छोटा आकडा तुम्ही टाकून दिलात आणि शंभरातले अठरा डाव त्याच्याबरोबर गेले.

तुम्ही बुद्धिबळ खेळता, म्हणजे खोलात जायला कंटाळणार नाही. म्हणून आणखी एक पायरी सांगते. फिनेस ५० टक्के, हे बाकी काहीच माहीत नसताना. तुम्हाला तर बरंच माहीत होतं. पश्चिमेच्या तेरा पानांपैकी पाच इस्पिक, म्हणजे त्याच्याकडे बाकीच्या पानांसाठी आठ जागा. पूर्वेकडे दोनच इस्पिक, म्हणजे अकरा जागा. चौकटचा राजा या एकोणीस जागांपैकी कुठे तरी आहे आणि त्यातल्या अकरा पूर्वेच्या आहेत. तेव्हा फिनेस लागण्याची शक्यता ५८ टक्के होती. बदाम तीन-तीन असण्याची शक्यता मात्र किंचित घटून ३४ वर आली. या सुधारलेल्या आकड्यांनी गणित केलं तर थेट फिनेसला ५८ आणि बदाम आधी, फिनेस नंतर या क्रमाला ७१. फिनेस इतकी सुधारली तरी क्रमाचा फायदा गेला नाही, हे बघून घ्या.

शिवाय बदाम खेळताना पानं मोजायला मिळतात. समजा पश्चिमेकडे चार बदाम निघाले. मग त्याच्या नऊ जागा भरल्या, चार उरल्या. पूर्वेच्या नऊ उरल्या. आता फिनेस तेरात नऊ, म्हणजे ६९ टक्के. उलट पूर्वेकडे चार बदाम निघाले तर तेरात सात, ५४ टक्के. इथे तुम्हाला तशीही फिनेसच घ्यायची आहे. पण ज्या डावांत पूर्वेला फिनेस की पश्चिमेला असा पर्याय असतो, तिथे ही मोजणीच निकाल लावते.

खेळण्याची रीत : इस्पिकच्या एक्क्याने हात घेतल्यावर डाव तुमच्याकडे. बदामचा राजा, मग लहान बदाम एक्क्याला, मग राणी. तिसरी फेरी डमीत संपते. तीन-तीन असले तर चौथं बदाम लगेच वाजवा. नसले तर तुम्ही आपोआप डमीतच आहात, जिथून चौकट खेळायची आहे तिथेच. मधे किलवरचे एक्का-राजा मोजणीसाठी वाजवलेत तर चालेल, पण राणीपर्यंत जाऊ नका. हात तुमच्याकडे येईल आणि डमीत परतायला एकही वाट राहणार नाही.

माझं माहेर गावभागात, कृष्णेपासून जवळ. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे आकडे आमच्याकडे पोरांनाही पाठ असतात. वडील पाणी तिशीत असतानाच उठत. आधी कागदपत्रं आणि धान्य माळ्यावर, मग आजीला उंचावरच्या आत्याकडे पोचवायचं, आणि घराला कुलूप घालून सगळ्यांनी निघायचं ते शेवटी. पाणी बत्तीसलाच थांबलं तर काय, धान्य पुन्हा खाली आणायचं. पण निघून गेल्यावर रस्ता बुडाला की घरात काय राहिलं ते राहिलंच. “फसलं तरी दुसरं करता येईल ते पहिलं कर,” असं ते आम्हाला ओरडून सांगायचे. त्यांना ब्रिज येत नव्हता. मला तीन नो ट्रंप खेळायला त्यांनीच शिकवलं असं मी मानते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. बुद्धिबळाचा पट उघडा असतो. हरलात तर मागे जाऊन चुकलेली खेळी सापडते. ब्रिजमध्ये डमी उघडल्यावर तुम्हाला २६ पानं दिसतात आणि २६ दिसत नाहीत. न दिसणारी २६ पानं दोन विरोधकांत १ कोटी ४ लाख ६०० प्रकारांनी वाटली जाऊ शकतात. परवाची वाटणी ही त्यातली एक. तुमची आखणी त्या एका वाटणीवर जिंकली की हरली यावरून तिची किंमत करू नका. जेवढ्या वाटण्या शक्य होत्या त्यातल्या किती तिने जिंकल्या असत्या, ते बघा. समजा बदाम चार-दोन असते आणि राजा पश्चिमेकडे असता. तुम्ही बदाम आधी खेळूनही बुडाला असता, आणि मी तुम्हाला शाबासकी दिली असती. परवाचा डाव मात्र तुम्ही वाचवू शकत होतात, म्हणून त्याची हळहळ वाटणं बरोबर आहे.

प्रश्न : ‘आठ असतील तर फिनेस, नऊ असतील तर नको’ हे मी पाठ केलं आहे. आपल्याकडे एका रंगाची नऊ पानं आणि राणी बाहेर असेल, तर एक्का-राजा वाजवून राणी पाडायची. पण चार पानं बाहेर असताना ३-१ विभागणी ५० टक्के, २-२ फक्त ४१ आणि ४-० साडेनऊ, असं तक्ता सांगतो. मग कमी शक्यतेवर का खेळायचं? नियम चुकीचा की तक्ता?

– एक वाचक, मिरज

उत्तर : फार चांगला प्रश्न. मी संख्याशास्त्र शिकवायचे तेव्हा वर्गात असा प्रश्न आला की त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवायचे.

नियमही बरोबर आणि तक्ताही बरोबर. तक्ता बोलतो ते पहिलं पान पडण्याआधी. तुम्हाला निर्णय घ्यायचा असतो तो बराच नंतर, आणि तोपर्यंत तक्त्यातला मोठा भाग गळून पडलेला असतो. डमीत बदाम एक्का राजा गुलाम ८ ४ आणि तुमच्याकडे ९ ६ ५ ३ आहेत. एक्का वाजवला, दोघांनी लहान पानं दिली. ४-० गेलं. एकटी राणी कुणाकडे असती तर ती पडली असती, तेही गेलं. आता तुमच्या हातातून लहान बदाम खेळलात आणि पश्चिमेने आणखी एक लहान पान दिलं. बाहेर उरली फक्त राणी. आता दोनच चित्रं शक्य आहेत : पश्चिमेकडे राणीसह तीन होती, किंवा पूर्वेकडे राणीसह दोन.

३-१ चे ५० टक्के म्हणजे आठ वेगवेगळ्या वाटण्यांची बेरीज, प्रत्येकीला ६.२. २-२ चे ४१ म्हणजे सहाच वाटण्या, प्रत्येकीला ६.८. आठांतली एक उरली आणि सहांतली एक उरली. ६.८ विरुद्ध ६.२. म्हणून राणी पाडायची.

हेच रिकाम्या जागांनी मोजा, कागद लागत नाही. पश्चिमेने या रंगाची दोन पानं दाखवली, त्याच्या अकरा जागा उरल्या. पूर्वेने एक दाखवलं, त्याच्या बारा. राणी पूर्वेकडे असण्याची शक्यता तेविसात बारा, म्हणजे ५२ टक्के.

फक्त ५२! पाठ केलेला एवढा ठाम नियम एका जागेच्या फरकावर उभा आहे. म्हणून बोलीत काही कळलं असेल तर नियम सोडायची हिंमत ठेवा. समजा पूर्वेने दोन इस्पिकची बोली करून सहा इस्पिक दाखवले होते आणि तुमची पानं मोजून पश्चिमेकडे दोनच इस्पिक येतात. मग पश्चिमेच्या जागा तेरातून दोन इस्पिक आणि दोन बदाम वजा जाता नऊ. पूर्वेच्या सहा इस्पिक आणि एक बदाम वजा जाता सहा. राणी पश्चिमेकडे असण्याची शक्यता पंधरात नऊ, ६० टक्के. इथे नऊ पानं असूनही फिनेस घ्यायची.

२००५ च्या पुरात सांगलीत पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, आणि त्यानंतर कित्येक घरांत भिंतीवर त्याची खूण राहिली. आमच्या माहेरीही होती. त्या खुणेच्या वर सामान ठेवलं की झालं, असं आम्ही चौदा वर्षं धरून चाललो. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. खूण खोटी नव्हती, पण ती त्या वर्षीच्या पावसाची होती आणि आम्ही समोरच्या पावसाकडे बघायला हवं होतं. पाठ केलेला नियम मी तेव्हापासून असाच धरते.

प्रश्न : नऊच पानं, पण माझ्याकडे गुलाम नव्हता. डमीत एक्का राजा १० ८ ४, माझ्याकडे ९ ६ ५ ३. एक्का वाजवला, पश्चिमेने दुर्री दिली आणि पूर्वेने गुलाम टाकला. पुढच्या फेरीला पश्चिमेने पुन्हा लहान पान दिलं. मी ‘नऊ असतील तर नको’ म्हणून राजा वाजवला. राणी पश्चिमेकडेच राहिली.

– एक वाचक, विटा

उत्तर : इथे दश्शी लावायची. पूर्वेकडे एकटा गुलाम असेल तर त्याला तोच टाकावा लागतो. राणी-गुलाम दोन्ही असतील तर तो कधी गुलाम टाकेल, कधी राणी. म्हणून राणी-गुलामच्या ६.८ पैकी गुलाम दिसण्याच्या वाट्याला निम्मेच, ३.४. एकट्या गुलामचे पुरे ६.२. जवळजवळ दोनास एक, म्हणजे फिनेस ६५ टक्के. याला खेळाडू रिस्ट्रिक्टेड चॉइस म्हणतात. गुलामच्या जागी राणी पडली असती तरी हेच.

प्रश्न : काकू, मी कॉलेजात आहे आणि मला ब्रिज शिकायचाय. मेंढीकोट चांगला येतो. पण आजोबा पत्ते म्हटलं की जुगार म्हणतात. त्यांना काय सांगू? आणि डाव आखायची सुरुवात कुठून करू?

– एक विद्यार्थिनी, तासगाव

उत्तर : आजोबांचा राग मला कळतो. पत्त्यांपायी घरं गेलेली त्यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना स्पर्धेतला ब्रिज कसा खेळतात ते सांग. तिथे वाटलेली पानं बोर्डात, म्हणजे चार कप्प्यांच्या पाटीत, तशीच ठेवतात आणि तोच बोर्ड एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो. तुला जी पानं आली तीच प्रत्येक टेबलावर तुझ्या जागी बसलेल्याला येतात. गुण मिळतात ते त्याच पानांवर इतरांपेक्षा चांगलं खेळल्याचे. चांगली पानं आली म्हणून तिथे कुणी जिंकत नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आला आणि पुरुष जोडीचं सुवर्ण भारताच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी जिंकलं. तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. हे आजोबांना जरूर सांग.

तू लिहिलं आहेस की तुमची द्राक्षबाग आहे. मग आजोबा हा हिशेब आयुष्यभर करत आलेत. फळछाटणी लवकर घेतली तर माल आधी येतो आणि भाव बरा मिळतो, पण परतीचा पाऊस लांबला की वेलीवर केवडा रोग पडतो. म्हणून कितीतरी बागायतदार सगळी बाग एका तारखेला छाटत नाहीत, प्लॉटमागून प्लॉट घेतात. तारखा कशा ठरवता, असं त्यांना एकदा नीट विचार आणि ऐक.

आखणीची सुरुवात एका सवयीपासून कर. उतारी झाली, डमी उघडली, की डमीतलं पहिलं पान खेळण्याआधी हात मांडीवर ठेवायचे. खात्रीचे हात मोजायचे. किती कमी आहेत ते बघायचं. ते कुठून येतील त्या सगळ्या जागा मनात म्हणायच्या, एकच सापडली म्हणून थांबायचं नाही. मग प्रत्येक जागेला विचारायचं की तू फसलीस तर डाव कुणाच्या हातात जाईल. मेंढीकोटात आपण भरभर पानं टाकतो, त्यामुळे हे थांबणं सुरुवातीला जड जातं. बहुतेक डाव पहिल्याच हाताला घाई केल्यामुळे जातात.

टक्के पाठ करण्याआधी एकदा स्वतः बघ. विश्रामबागेच्या वाचकांची आणि डमीची २६ पानं जोडातून काढून समोर मांड. उरलेली २६ आजोबांना पिसायला दे आणि दोन ढिगांत तेरा-तेरा वाटायला सांग. बदाम कसे फुटले, चौकटचा राजा कुठल्या ढिगात आहे, वहीत दोन रकाने करून लिही. मग पुन्हा पिसायला दे. संध्याकाळी तीस-चाळीस वाटण्या सहज होतात. पहिल्या दहांत आकडे कसेही येतील, घाबरू नकोस. शंभर झाल्या की वहीचं पान मला पाठव, आजोबांनी वाटलेल्या किती आणि तू वाटलेल्या किती तेही लिही.